नळी तोंडात असताना

दुसरा बर्नर घरात आला तेव्हा माझ्या तोंडात नळी होती.

ह्यांनी खोकं आणून माझ्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवलं, सुतळी कापली आणि आतून नवाकोरा पितळी बर्नर काढून माझ्या बर्नरसमोर मांडला. मागोमाग आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, पाट घेऊन आल्या आणि दाराशी टेकल्या. मी मान वर केली नाही. करताच येत नाही. काचेचा पोकळ मणी करायचा म्हणजे मातीचा लेप दिलेल्या बारीक लोखंडी नळीवर वितळलेली काच चढवायची, ज्योतीत नळी सारखी फिरती ठेवायची आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून हळूहळू फुंकत राहायचं. हात थांबला तर मणी एका अंगाला लोंबतो. तोंड काढलं तर आत बसतो. दोन्ही हात गुंतलेले, तोंड गुंतलेलं, डोळे ज्योतीवर. मोकळे राहतात ते फक्त कान.

"अस्मीसाठी आणलाय ह्यो," आत्ती म्हणाल्या. "बारावी झाली पोरीची. आता त्या रत्नागिरीला कुठं धाडतीस, मासळीच्या गावाला? एक वरीस बसंल तुझ्याम्होरं. तुझी ऑर्डर बी उरकंल आन् पोरीच्या हातात कला बी ईल. न्हाई का?"

मणी तेव्हा सुपारीएवढा झाला होता. मी फुंकत होते. आत्तींनी जरा वाट बघितली, रीतीपुरती. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

"चला, तिच्यासमोरच ठरलं, बरं झालं," असं ह्यांना म्हणाल्या आणि दोघं बाहेर गेले. मणी हळूहळू निवावा म्हणून राखेच्या डब्यात पुरून मी अंगणात आले तोवर आत्ती शेजारच्या सुमनताईंना सांगतसुद्धा होत्या की आमची अस्मी यंदा आईच्या हाताखाली बसणार आहे.

तो बर्नर आला त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. आम्ही कासार. आष्ट्याच्या पेठेत सासऱ्यांच्या वेळेपासून आमचं बांगड्यांचं दुकान. पण काचेच्या बांगड्या लग्नाच्या चुड्यापुरत्या आणि डोहाळजेवणापुरत्या उरल्या, एरवी पोरींना हातात घड्याळ बरं वाटायला लागलं, तेव्हा दुकानावर घर चालेना. त्या सुमाराला हे एकदा फिरोजाबादकडे माल आणायला निघाले, तर मला सोबत घेऊन गेले. लग्नानंतरचा माझा तेवढाच एक लांबचा प्रवास. तिथल्या एका घरात बायका ज्योतीवर मणी करत होत्या. आठवडाभर मी त्यांच्याजवळ बसले आणि शिकले. परत आल्यावर परसातली लाकडं ठेवायची खोली रिकामी करून तिथं माझं टेबल लागलं. अस्मी, आमची एकुलती एक, तेव्हा बालवाडीत होती.

त्या खोलीला एक खिडकी आहे, ती मी कधी उघडली नाही. वाऱ्यानं ज्योत हलते. त्याच कारणानं पंखाही नाही. उन्हाळ्यात घाम कोपरावरून टेबलावर गळायचा आणि मी दर अर्ध्या तासानं तोंड धुऊन यायची. पण पोकळ मण्यात माझा हात बसला. पुण्याच्या एक बाई दागिने करून विकायच्या, त्या माझे मणी नेऊ लागल्या आणि घर त्याच्यावर चालायला लागलं. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, हेमाचं बरं आहे बाई, सगळं घरबसल्या. मी म्हणायची, हो ना, बसल्याच बसल्या.

हळूहळू घराला माझं काम समजलं. कुणी डाव आखला असं मी म्हणणार नाही, आत्ती तशा कपटी नव्हत्या. त्यांना एवढंच उमगलं होतं की हेमाच्या नळीवर मणी असताना एखादी गोष्ट सांगितली की ती कशी सुरळीत पार पडते. माझा माहेरचा मोरपिशी शालू नणंदेच्या मुलीच्या परकर-पोलक्याला गेला, तो असा. भावाच्या लग्नाला चार दिवस आधी जायचं होतं, ते अक्षतांपुरतं जायचं ठरलं, तेही असंच. दिवाळीला सगळी भावकी आमच्याकडे जेवणार हे मला एका निळ्या मण्याच्या पलीकडून कळलं. नंतर मी तोंड उघडलं की सगळे खरोखरच चकित व्हायचे. अगं, तुझ्यासमोरच बोलणं झालं की. तेव्हा का नाही बोललीस? लोक मूग गिळून गप्प बसतात, मी नळी धरून बसायची.

शालू गेला, माहेरपण गेलं, मी हसण्यावारी नेलं. चुलीत जाऊ दे म्हटलं. पण अस्मीचं तसं नव्हतं.

अस्मीनं ते मासळीचं कॉलेज कुठून शोधून काढलं देव जाणे. आमच्या घरात कधी मासा शिजलेला नाही. पण लहानपणापासून कृष्णेवर नेलं की ही पोरगी भोयांच्या टोपल्यांसमोर उभी. हा कुठला, ह्याच्या अंगावर खवलं का नाहीत, हा पाण्यात झोपतो कसा. भोई कंटाळून तिला हाकलायचे. बारावीला मार्क चांगले पडले, यादीत नाव लागलं, वसतिगृहातही जागा मिळाली. शनिवारच्या आत रत्नागिरीला जाऊन हजर व्हायचं, एवढंच राहिलं होतं. आणि त्याच सुमाराला पुण्याच्या बाईंनी दिवाळीसाठी दुप्पट मण्यांची ऑर्डर दिली होती.

बर्नर आला त्या संध्याकाळी मी ह्यांच्याजवळ विषय काढला. हे स्वभावानं गरीब. आवाज चढवणं त्यांना कधी जमलं नाही, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडताही यायचं नाही. ते म्हणाले, आईचं काही चुकीचं नाही, एक वर्षच तर आहे, आणि ऑर्डर हातची गेली तर ती बाई परत यायची नाही. मी म्हटलं, पण मला विचारलं कुठं? त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी निर्मळपणे.

"तुझ्यासमोरच ठरलं की सगळं. मी स्वतः तिथं उभा होतो."

मी स्वयंपाकघरात गेले. अस्मी तिथं ओट्याला टेकून उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई, तू तिथंच होतीस ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, होते. ती ओरडली असती, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं परात काढली आणि कणीक तिंबायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यासमोर बसू लागली. मला वाटलं होतं, रुसून बसेल, मुद्दाम मणी बिघडवेल. तसं काही झालं नाही. पहिल्या दिवशी दोन-तीन मणी लोंबले, एक फुटला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचा मणी गोल यायला लागला. मला ह्याला दोन महिने लागले होते. फुंक कुठं आवरायची हे शिकवून येत नाही, ते गालांना कळावं लागतं, आणि तिच्या गालांना ते कळत होतं. मी बघत राहिले. असा अभिमान वाटला की माझा मलाच राग आला.

आणि दुसरं एक झालं. ती बोलायची. एक मणी राखेत गेला आणि दुसरा ज्योतीवर चढायच्या आत जो मधला वेळ असतो, तेवढ्यात ती मला काहीबाही सांगायची. मासा कल्ल्यांनी श्वास कसा घेतो. कोळंबी कात कशी टाकते. आत्तींच्या चालीची नक्कल करायची, ह्यांच्या खोकल्याची करायची, आणि मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. इतक्या वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा कुणी माझ्याशी बोलत होतं आणि मी उत्तर देत होते. बंद खिडकीचं काही वाटेनासं झालं. दुपारचा चहा आत्ती आत आणून द्यायच्या, तो आम्ही दोघी जमिनीवर बसून प्यायचो.

खरं सांगते, मला ती तिथं हवी होती. शनिवार जवळ येत होता आणि मी ते नाव काढत नव्हते. ह्यांनी नाही, आत्तींनी नाही, मीच काढत नव्हते. रात्री वाटायचं, सकाळी बोलू. सकाळी ती केस वर बांधून, माझा जुना निळा चष्मा नाकावर चढवून समोर बसली की वाटायचं, दुपारी बोलू. एक वर्षानं काय आभाळ कोसळणार आहे, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. ते आत्तींचंच म्हणणं होतं आणि ते माझ्या डोक्यात इतकं सहज बसलं की मला कळलंही नाही.

गुरुवारी दुपारी माझा मणी नुकताच राखेत गेला होता. मी पुढच्या नळ्यांना मातीचा लेप देत होते, म्हणजे माझं तोंड रिकामं होतं. समोर अस्मीचा मणी ऐन रंगात आला होता. हिरवा, आत पांढरी रेघ, लिंबाएवढा. एवढा मोठा तिनं आधी केला नव्हता. आत्ती आल्या, पाट मांडला, बसल्या. त्यांचं तोंड अस्मीकडे होतं.

"अस्मे, परवा शनवार," त्या म्हणाल्या. "ते कालिजाचं आता सोडून दिलंय बग आपण. तुझा बा सांजच्याला फोन करून तसं कळवतोय त्यास्नी. म्होरल्या वर्साला फुडचं बगू. आन् त्या कवठ्याच्या लोकांनी बी विचारलंय तुझ्याबद्दल. घाई न्हाई म्हणत्यात, पर दिवाळीत बगून जातो म्हणाले. येऊ देत न्हवं?"

कवठ्याचे लोक म्हणजे स्थळ. हे मला नवीन होतं. मी अस्मीकडे बघितलं.

ती फुंकत होती. गाल भरलेले, नळी बोटांत फिरती. नजर ज्योतीवरून क्षणभर आत्तींकडे गेली, मण्यावर परत आली, मग माझ्याकडे आली आणि पुन्हा मण्यावर गेली. बस्स. कपाळावर आठी नाही, मान हलली नाही. एखादी गुणी मुलगी शांतपणे काम करत बसली आहे, मोठ्यांचं ऐकते आहे, तिची काही हरकत नाही.

मी तशी बसते तेव्हा कशी दिसते, हे मला तोवर कधी माहीत नव्हतं. आत्तींना इतकी वर्षं हेच दिसत होतं. त्यांची तरी काय चूक? मी त्या पाटावर बसले असते तर मलाही वाटलं असतं की हिला सगळं मान्य आहे.

आत्तींनी रीतीपुरती वाट बघितली. "झालं तर मग," म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात टेकले.

मी खाली वाकले आणि सिलिंडरची चावी बंद केली.

ज्योत फडफडली आणि गेली. खोली एकदम गप्प झाली. अस्मी नळी तोंडात धरून माझ्याकडे बघत होती. तिच्या हातातला हिरवा मणी विझत गेला, रंग बदलला, आणि मग बारीक आवाज होऊन त्याला आडवी चीर गेली.

"अगं, मणी गेला की," आत्ती म्हणाल्या.

"आता विचारा तिला," मी म्हटलं. "आता तिचं तोंड मोकळं आहे."

"काय विचारायचं? आत्ताच तर बोललो तिच्याम्होरं."

"तिच्यासमोर बोललात. तिच्याशी बोला."

आत्तींशी मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं घरातलं भांडंच बोलायला लागलं असावं. पण विचारलं त्यांनी. अस्मीकडे वळून नीट विचारलं, रत्नागिरीला जायचंय का गं तुला?

अस्मीनं नळी खाली ठेवली. ओठ पुसले. चीर गेलेल्या मण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"राहते की, आजी," ती म्हणाली. "एक वर्ष राहते. मला जमतंय हे. आईला पण सोबत होते."

आत्तींच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. उलट त्या जरा निवल्या. बघ, पोरीनंच सांगितलं, असं म्हणत उठू लागल्या. माझ्या बाजूनं सगळं संपलं होतं. विचारा म्हटलं, विचारलं. तोंड मोकळं होतं आणि मोकळ्या तोंडानं ती राहते म्हणाली होती. मला हवं होतं तेच ती म्हणाली होती. चावी पुन्हा उघडून काडी ओढली असती तर दोन्ही बर्नर सुरू झाले असते आणि ती पुन्हा बोलायला लागली असती.

"अस्मी, ऊठ," मी म्हटलं. "बॅग भर."

"आई, मी राहते म्हणतेय ना."

"ऐकलं मी. ऊठ."

ती उठली. माझ्या तोंडाकडे बघून उठली असावी. आत्ती तिच्या मागं बघत राहिल्या, मग मला म्हणाल्या, पोरगी राहायला तयार हाय आन् तू तिला घालवायला निघालीस, कसली आई म्हणायची तू? मी पाट उचलून भिंतीला लावला.

संध्याकाळी ह्यांना सांगायचं होतं. हे जेवायला बसले, भाकरीचा पहिला घास तोंडात गेला, तेव्हा मी बोलायला सुरुवात केली. वेळ मी मुद्दाम साधली, नाही म्हणत नाही. म्हटलं, उद्या पहाटेच्या गाडीनं अस्मी रत्नागिरीला जाते आहे. तुम्हाला दुकान सोडवत नसेल तर मी पोचवून येते. कॉलेजला फोन करू नका. ऑर्डर माझी मी बघेन. कवठ्याच्या लोकांना दिवाळीत येऊ नका म्हणून कळवा. ह्यांनी घाईनं घास गिळायचा प्रयत्न केला आणि त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. ठसका थांबेपर्यंत मी ताटात आमटी वाढून आत गेलेही होते. नंतर ते दाराशी येऊन उभे राहिले, हे असं एकदम कसं ठरलं म्हणाले.

"तुमच्यासमोरच ठरलं," मी म्हटलं.

थोड्या वेळानं माळ्यावरची मोठी बॅग काढून, झटकून त्यांनी अस्मीच्या खोलीत नेऊन ठेवली. रागावले असतील, पण बॅग काढली.

पहाटे आत्ती आमच्या आधी उठल्या होत्या. ओसरीवर बांगड्यांचा डबा उघडून बसल्या होत्या. कासाराच्या घरातून लेक रिकाम्या हातांनी बाहेर पडत नाही. अस्मीचा हात त्यांनी मांडीवर घेतला, दाबून मऊ केला आणि एकेक हिरवी बांगडी चढवली. भरून झाल्यावर अस्मीनं गिऱ्हाईक बायका करतात तसा वाकून नमस्कार केला. आत्तींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डब्याचं झाकण लावायला लागल्या. ते नीट बसेना.

कोल्हापूरला गाडी बदलली. तोवर अस्मी खिडकीबाहेर बघत होती. आंबा घाट लागला तेव्हा ती बोलली.

"तू तरी मला कुठं विचारलंस?"

मी तिच्याकडे वळले.

"मी राहते म्हणाले होते. माझ्या तोंडात नळी नव्हती तेव्हा. आजीनं निदान विचारलं. तू सरळ ऊठ म्हणालीस."

खरं होतं ते. माझ्या पोरीनं माझीच चूक माझ्या पदरात घातली होती आणि मला रागही येत नव्हता. घाटाच्या वळणांवर मी पदर नाकाला लावून बसले. साखरप्याला गाडी थांबली तेव्हा तिनं खाली उतरून माझ्यासाठी लिंबाचं सरबत आणलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसली.

कॉलेजात सगळं झटपट झालं. कुणी काही अडवलं नाही, उलट एका मॅडमनी बांगड्या बघून विचारलं, लग्न ठरलंय का गं? अस्मी म्हणाली, नाही, आम्ही कासार आहोत. वसतिगृहाच्या खोलीत खाट, टेबल आणि एक भली मोठी खिडकी होती. ती उघडीच होती, पडदा आत-बाहेर उडत होता. मी सवयीनं लावायला गेले. अस्मी म्हणाली, राहू दे आई. मी तिचा बिछाना घातला, लाडवांचा डबा कुठं ठेवला ते दाखवलं, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही.

फाटकापर्यंत ती पोचवायला आली.

"आई, मला तिथं खरंच बरं वाटत होतं," ती म्हणाली. "आजीला बरं वाटावं म्हणून नव्हते म्हणाले मी. तुझ्यासमोर बसायचं, मणी करायचे. मला आवडत होतं."

"माहिती आहे मला."

"मग?"

मला घाटात जे सांगता आलं नव्हतं ते तेव्हा आलं.

"मलाही सुरुवातीला बरंच वाटलं होतं," मी म्हटलं. "दार लावलं की कुणाची कटकट नाही. आपण, मणी आणि ज्योत. मला वाटायचं, आणखी काय पाहिजे माणसाला? मलाही कुणी बळजबरीनं बसवलं नव्हतं, अस्मे."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या खांद्यावरचा पदर सारखा केला, लहान मुलीचा करतात तसा. मग म्हणाली, गाडी संध्याकाळची आहे, तोवर समुद्र बघून जा. मांडवीला रिक्षानं जायचं, स्टँडपासून जवळच आहे. तू कधी बघितला नाहीस ना? मी म्हटलं, बघते.

रिक्षा केली ती स्टँडपर्यंत. रिक्षावाला चांगला माणूस होता, मांडवीला नेऊ काय म्हणून त्यानंच विचारलं. पहिल्यांदाच आलेल्या दिसता, म्हणाला. मी म्हटलं, नको, गाडी आहे. गाडीला अजून तीन-चार तास होते. स्टँडवरच्या एका सिमेंटच्या बाकावर मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. वारा येत होता, दमट, ओठांवर खारट लागणारा. माणसं मांडवीकडून येत होती, त्यांच्या चपलांना ओली वाळू होती. मी ऑर्डरचा विचार करत होते. हिरव्या काचेच्या कांड्या पुरतील का, राखेचा डबा आणखी एक लागेल, आत्ती चहा आणून ठेवतील की आता ठेवणार नाहीत. मध्येच वाटायचं, जाऊन यावं. कुणी अडवलं नव्हतं. दोन्ही हात मोकळे होते, तोंड मोकळं होतं. पण एकटीनं जायचं आणि तिथं जाऊन काय करायचं, उभं राहायचं की बसायचं, किती वेळ बघायचं, हे मला माहीत नव्हतं. मग वाटायचं, अजून थोड्या वेळानं जाऊ. एक बाई पोराला खेचत जवळून गेली, ते पोर पुन्हा पाण्यात जायचं म्हणून रडत होतं.

गाडी लागेपर्यंत मी त्या बाकावरच होते. अस्मीला मी उठवलं होतं. मला ऊठ म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.